परबसाहेबांची शाल

पाऊस जातो आणि आमच्या बोरिवलीत घामाचा महिना सुरू होतो. दुपारी खाडीकडून वारा येतो, पण तोही तापलेला, कांदळवनाच्या चिखलाचा वास घेऊन. त्या वासात कुणाच्या तरी घरात भाजली जाणारी डाळ मिसळते. आधी उडीद, मग धणे, मग जिरं. नाकाला कळतं की चकलीची भाजणी चाललीय. आणि नेमक्या त्याच सुमाराला माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायला लागतात. उन्हाने नव्हे हो. लाजेने. भाजणीचा वास आला की मला लाज वाटते, असं डॉक्टरला सांगितलं तर तो मला वेगळ्याच डॉक्टरकडे पाठवेल.

या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक निळा प्लास्टिकचा क्रेट फिरतो. त्यात दिवाळी अंक असतात. सगळ्यांनी मिळून घ्यायचे आणि आळीपाळीने वाचायचे, अशी आमची जुनी पद्धत आहे. क्रेटचे मालक म्हणजे खानोलकर काका. निवृत्त माणूस, पहिल्या मजल्यावर राहतात. अंकाचं पान दुमडलेलं दिसलं की ते तुमच्याकडे असं बघतात की तुम्ही त्यांच्या मुलाच्या कानाखाली वाजवली असावी. संध्याकाळी ते क्रेट काखेत धरून दारोदार फिरतात, बेल वाजवतात, "वाचून झाला का, वहिनी?" विचारतात. नाही म्हटलं तर चेहरा पाडतात. अंकात काय चांगलं आहे, काय टुकार आहे, हे तेच आधी सांगून टाकतात. बिल्डिंगचं मत म्हणजे काकांचं मत, त्यात थोडं मीठ घालून.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका क्रेटमध्ये माझी गोष्ट होती. विज्ञानकथा. लेखक, सु. द. परब.

तो सगळा महिना माझ्या अंगावर अजून घामासारखा चिकटून आहे.

गोष्ट अशी होती. समुद्र चढत चढत बोरिवलीत शिरलाय, बिल्डिंगा चौथ्या मजल्यापर्यंत पाण्यात आहेत, लोक गच्चीवरून होडीत बसून कामाला जातात. एका घरात स्वयंपाक करणारं एक यंत्र आहे. त्या घरची बाई वारली आहे, पण तिने आयुष्यभर जे जे केलं ते यंत्र बघून बघून शिकलेलं आहे. ते तिच्यासारखी आमटी करतं, तिच्यासारखं कढईत पिठाचा ठिपका टाकून तेल तापलं का बघतं. त्याला चव कळत नाही. घरातली माणसं जेवतात आणि यंत्राकडे बघायचं टाळतात. बस्स, एवढीच गोष्ट. शेवटी काय होतं ते सांगत नाही, आता तीही लाज वाटते, थोडा भडकच केला होता शेवट.

ती मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत लिहिली. डबा एका हाताने, मोबाइल दुसऱ्या हाताने. शेजारच्या टेबलावरची विचारायची, "कुणाशी एवढं चॅटिंग चाललंय गं?" मी म्हणायची, नणंदेशी. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. हसल्या असत्या. पण त्या हसण्याचीच मला धास्ती होती. बाईने लिहावं ते ठरलेलं असतं ना. कविता चालते. आईच्या हातच्या चवीवर चालतं. मासळीच्या कालवणावर लिहिलं तर झकासच, वर चार फोन येतात. पण समुद्रात बुडालेलं शहर, माणसाच्या आठवणी गिळलेलं यंत्र? "अगं, तुला कुठून सुचतं हे खूळ? घरी सगळं ठीक आहे ना?" माझ्या थोरल्या जावेने एकदा हे अगदी काळजीने विचारलं होतं. काळजीने विचारलं म्हणून जास्त लागलं. त्या दिवसापासून मी माझ्या गोष्टी बायका पाळीची फडकी पूर्वी लपवायच्या तशा लपवल्या.

म्हणून ती आद्याक्षरं. सुनंदा दत्ताराम परब, त्याचं सु. द. परब. संपादक भला माणूस होता, त्याने फोनवर विचारलंसुद्धा, "पूर्ण नाव टाकू या ना, बाई?" त्याचा काही दोष नाही. मीच म्हटलं, नको, असंच बरं दिसतं. मराठीत दोन आद्याक्षरं आणि आडनाव लावलं की पुढचं काम वाचकच करतो. त्याला मिश्या लावतो, चष्मा देतो, एखादी सरकारी नोकरीही देतो. आमच्या परबांचं तर बोलूच नका. कांदिवली ते भांडुप कुठेही हाक मारा, दहा परब वळून बघतील. कोण कशाला शोधायला येतंय?

आले. खानोलकर काकाच आले.

"वहिनी, ही गोष्ट वाचाच," असं म्हणून त्यांनी माझ्याच हातात माझाच अंक ठेवला. "कोण आहे हा परब, माहीत नाही, पण माणूस मोठा अभ्यासू. इंजिनिअर असणार. यंत्राचं काय डिटेलिंग केलंय! फक्त स्वयंपाकघराचं जरा जास्त झालंय, तेवढं बायकोला विचारून लिहिलेलं दिसतंय."

आतून दत्ता, म्हणजे माझा नवरा, खोकला. त्याला सगळं माहीत होतं. तो खोकला नव्हता, हसू होतं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पेपर तोंडावर धरला.

पुढच्या रविवारी सामंत वहिनींकडे चकल्यांचा घाट होता. आमच्या मजल्यावरच्या बायका एकेका घरी जमून फराळ करतात. एकीने मळायचं, एकीने पाडायच्या, एकीने तळायच्या. समोरच्या दाराची फिलू मावशीही येते. फिलोमिना तिचं नाव, मूळची गावठाणातली, घर बिल्डरला दिलं आणि आमच्यासमोर फ्लॅटमध्ये आली. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे दिवाळी अंक आमच्याआधी वाचून काढते. नाताळात ती कुसवारची, म्हणजे त्यांच्या फराळाची, ताटं भरून आमच्याकडे पाठवते, दिवाळीत आमच्या चकल्यांचे काटे मोडले तर आम्हाला ओरडते.

त्या दिवशी मी सोऱ्या फिरवत होते. तेलाचा धूर, पंखा बंद, कारण पंखा लावला की गॅस फडफडतो. घामाने पाठ ओली. सामंत वहिनी झारा हलवत म्हणाल्या, "ती पाण्यातल्या बिल्डिंगची गोष्ट वाचलीत काय गं? मी रडले. रडवलंन् मेल्याने."

मेल्याने! माझा सोऱ्या दाबला गेला आणि चकली नागमोडी बाहेर आली.

"पुरुषाला कसं कळलं गं हे?" वहिनींचं चालूच होतं. "आई गेल्यावर तिच्या हातचं आठवतं ते? बायको गेली असेल बिचाऱ्याची."

झालं. मला विधुरही करून टाकलं. हात पिठाने माखले होते, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. मी मनगटाच्या मागच्या बाजूने केस सारले आणि मनगट डाव्या खांद्यावर पुसलं. फिलू मावशी चकल्या पेपरवर काढता काढता थांबली. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पेपरकडे.

घरी जाताना पॅसेजमध्ये ती म्हणाली, "तुझ्या खांद्याला पीठ लागलाय."

मी झटकलं.

"त्या यंत्राच्या पण खांद्याला लागला होता," मावशी म्हणाली.

खरंच की. गोष्टीतलं यंत्र दर वेळी काम झालं की मनगट डाव्या खांद्यावर पुसतं. त्याला केस नाहीत, घाम नाही, पदर नाही, तरी पुसतं, कारण ती गेलेली बाई पुसायची. ती लकब मी माझ्या आईची घेतली होती. आईची म्हणून आठवून, जपून, यंत्राला दिली होती. ती माझ्या अंगात आहे हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. दत्ताने नाही, मुलाने नाही. या बाईने एका चकलीच्या सकाळी मला पकडलं.

"मावशी, कुणाला सांगू नको," मी म्हटलं.

"का? चोरी केलीस?"

"लाज वाटते गं."

"कसली?"

मी दाराची चावी शोधण्याचं नाटक केलं. चावी हातातच होती.

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण खानोलकर काका स्वस्थ बसणाऱ्यातले नाहीत. दिवाळीआधी खालच्या हॉलमध्ये अंकांचं प्रदर्शन मांडायचं आणि त्यात एखाद्या लेखकाचा सत्कार करायचा, हे त्यांनी मनावर घेतलं. त्यांनी अंकाच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून संपादकाचा मला फोन. "बाई, तुमच्याच बिल्डिंगमधून बोलावणं आलंय. परबसाहेबांना बोलावतायत. मी काय सांगू?"

मी बँकेच्या जिन्यात उभी होते. दोन शब्दांत सगळं मिटलं असतं. मी म्हटलं, "बाहेरगावी आहेत म्हणून सांगा."

तो "बरं," म्हणाला. त्या "बरं"चा सूर मला अजून ऐकू येतो.

रविवारी सकाळी हॉलमध्ये टेबलांवर अंक मांडलेले. नव्या कागदाचा, शाईचा आणि कुणीतरी मारलेल्या अत्तराचा वास. एक खुर्ची रिकामी, तिच्यावर पाटी, श्री. सु. द. परब. श्री! मी मागच्या रांगेत बसले होते आणि त्या खुर्चीकडे बघत होते. काका माइकवर उभे राहिले. प्रमुख पाहुणे येऊ शकले नाहीत याचं दुःख त्यांनी सविस्तर सांगितलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पण आपल्याकडे परब आहेतच की! परब वहिनी, या, या. आपल्या आडनावबंधूंच्या वतीने सत्कार स्वीकारा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. दत्ता माझ्याकडे बघत होता. त्याचं हसू गेलं होतं. "जा आणि सांग," तो ओठातल्या ओठात म्हणाला. मी उठले. रांगांमधून पुढे जाताना मी खरंच ठरवलं होतं की सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं.

काकांनी शाल उलगडली. तपकिरी, जरीच्या काठाची, पुरुषी शाल. सवयीने त्यांनी ती माझ्या खांद्यापर्यंत आणली. लोकर मानेला टोचली, तिचा नवा वास आला. आणि मग काका थांबले. "छे छे, ही त्यांची, नाही का," असं म्हणून त्यांनी ती मागे घेतली, नीट घडी घातली आणि माझ्या हातांवर ठेवली. वर नारळ. मग काकूंनी मला कुंकू लावलं, खण दिला. "हे तुमच्यासाठी हो," म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या, म्हणून काही करता येईना.

माइक तोंडापुढे आला. मी म्हटलं, "परबसाहेबांच्या वतीने मी आभार मानते. शाल त्यांना पोचवीन."

जोरात टाळ्या. पहिल्या रांगेत फिलू मावशी बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

नारळाची सोलकढी केली. परबसाहेबांना कुठे पाठवणार? आम्ही तिघं प्यायलो. मुलगा म्हणाला, मस्त झालीय. दत्ताने वाटी घासून ठेवली फक्त. शाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात सगळ्यात वर, डांबरगोळ्यांमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी दूध घ्यायला दार उघडलं. समोरचं दार उघडंच. मावशी उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसलेली, कोळंबी सोलत.

"शाल पोचली काय गो?"

मी दार लावून घेतलं. पण तिने तो प्रश्न सोडला नाही. बाजारातून येताना, कचरा टाकताना, लिफ्टची वाट बघताना, ईस्टरला, गणपतीत, पुढल्या दिवाळीत आणि त्याच्याही पुढल्या. रागाने नाही. चहा झाला का विचारावं तशा आवाजात. "शाल पोचली काय गो?" आधी मी हसून नेलं. मग चिडले. एकदा फाडकन म्हटलं, "मावशी, तुला दुसरं काही सुचत नाही का?" तर म्हणाली, "तुला सुचतंय तोवर मला चालतंय." त्या वर्षी मी तिच्याकडच्या कुसवारच्या ताटात परत काही भरून पाठवलं नाही. रिकामं ताट परत दिलं. तेही आठवलं की कान तापतात.

या वर्षांत मी आणखी लिहिलं. सगळं सु. द. परब. त्या माणसाला आता नाव झालंय. कुणीतरी एका लेखात त्याच्या "मर्दानी कल्पनाशक्ती"चं कौतुक केलं, तेव्हा मी भांडी घासत होते आणि एवढी हसले की दत्ता धावत आला. मग हसता हसता रडायला आलं. मी ज्याला आडोसा म्हणून उभा केला तो मेला मलाच शाली, नारळ, टाळ्या काहीही देईना. त्याला दोष तरी कसा देणार? मीच वाढवलेला.

दिवाळी अंकाची अनुक्रमणिका उघडली की मला एक खोड लागलीय. विज्ञानकथा, अद्भुतकथा, या मथळ्यांखालची आद्याक्षरं मी संशयाने बघते. हा कोण? का ही कोण? या र. गो. अमुकच्या हातालाही पीठ लागलेलं असेल का? नोकरीवरून येताना रिक्षात बसून कुणी रजनी, कुणी रेहाना दुसऱ्या सूर्याभोवतीचा ग्रह रचत असेल, आणि घरी पोचल्यावर भाजीची पिशवी ठेवता ठेवता तो ग्रहही कुठे तरी मागे दडवत असेल? मला त्यांना ओळखायचंय. पण मी त्यांना कशावरून ओळखणार? मी स्वतःला ओळखलं नव्हतं. खांद्यावरचं पीठ दुसऱ्याच कुणाला दिसावं लागतं.

फिलू मावशीची नजर आता अधू झालीय. यंदा पावसाळ्यात तिने मला हाक मारली आणि अंक पुढे केला. "वाचून दाखव." माझीच जुनी गोष्ट. यंत्राची. मी तिच्या खुर्चीजवळ स्टुलावर बसून मोठ्याने वाचली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं लिहिलेलं माझ्या आवाजात ऐकलं. मध्येच तिने हात वर केला. "लेखकाचं नाव नाय वाचलंस."

"सु. द. परब," मी म्हटलं.

"सगळा वाच."

मी वाचलं. सुनंदा दत्ताराम परब. त्याच रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी संपादकाला फोन केला आणि नव्या गोष्टीवर आद्याक्षरं काढून सुनंदा परब असं टाकायला सांगितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. भला माणूस.

आणि परवा क्रेट आला. मी भाजणी चाळत होते, कोपरापर्यंत पिठात. बेल वाजली. काका आता थकलेत, क्रेट कमरेवर टेकवून उभे राहतात. पण डोळे तसेच चमकतात.

"वहिनी, गंमत बघा. तुमच्याच नावाची लेखिका आलीय. सुनंदा परब! आपल्या परबसाहेबांच्या मिसेस असाव्यात. शैली अगदी त्यांच्या वळणाची. चांगलं शिकवलंय हो त्यांनी."

कप्पाळ माझं! नाव लावलं तर तेही त्याच्या पदरात पडलं. मला राग यायला हवा होता. आली ती लाजच, जुनी, ओळखीची, कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत. पण या वेळी माझे पाय दाराकडे वळले नाहीत, कपाटाकडे वळले.

"थांबा काका," मी म्हटलं.

स्टुलावर चढून पिशवी काढली. पिठाच्या हातांनीच. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. मी ती त्यांच्यापुढे धरली. काकांनी ओळखली.

"अहो, म्हणजे पोचवली नाहीत?"

"परबसाहेब नाहीत, काका."

"अरेरे," काकांनी चष्मा काढला. "कधी गेले?"

"गेले नाहीत. नव्हतेच कधी. ती गोष्ट मी लिहिली होती. सगळ्याच मी लिहिल्या."

काका बघत राहिले. माझ्याकडे, शालीकडे, माझ्या हातांकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो सगळा रविवार उतरला असावा. खुर्चीवरची पाटी, बायकोला विचारून लिहिलंय ते बोलणं, खांद्यापर्यंत नेऊन मागे घेतलेली शाल. म्हाताऱ्या माणसाला लाजताना मी कधी जवळून बघितलं नव्हतं. कान लाल होतात त्यांचेही.

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. मग लगेच म्हटलं, "नाही काका, चूक माझीही आहे. मला लाज वाटत होती."

"कसली?"

पुन्हा तोच प्रश्न. "आता द्या परत," एवढंच म्हटलं.

"कुणाला?"

"मला."

काकांनी क्रेट खाली ठेवला. पिशवीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. घडीवर शाल उसवल्यासारखी विरली होती. त्यांचे हात माझ्या खांद्यापर्यंत आले आणि क्षणभर तिथेच राहिले. मला वाटलं, झालं, पुन्हा मागे जातात. गेले नाहीत, शाल टेकली. माझी मान खाली होती, भर ऑक्टोबरात लोकरीखाली घाम फुटला होता, डाव्या खांद्यावर पीठ होतं. ते पीठ शालीला लागलं.

समोरच्या दारातून नेहमीचा आवाज आला. "शाल पोचली काय गो?"

मी तोंड उघडलं, पण काकांनीच मागे वळून उत्तर दिलं.

"पोचली हो, फिलूबाई," ते म्हणाले. "माझ्यामुळे जरा उशीर झाला."